श्रावण हे नाव मी सुचवलं

मुलांच्या नावांबद्दल मला मतं आहेत आणि ती मी न विचारताही देते. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये हजेरी घेतलेल्या बाईला एवढा हक्क असावा, असं मी धरून चालत आले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात लटारू, दगडू, कवडू, फकिरा अशी पोरं होती. मग संजय आणि विनोद आले, प्रत्येक वर्गात तीन-तीन. त्यानंतर प्रज्वल आणि साहिल. निवृत्त होता होता तर अशी नावं आली, की एकाला हाक मारली तर पाच जण 'येस मॅडम' म्हणायचे, कारण सगळ्यांचा शेवट सारखाच. त्यांचा अर्थ विचारला तर आईबाप मोबाइल काढायचे.

आता वारं फिरलंय. चंद्रपूरला मी राहते त्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत एक राघव, एक माधव आणि एक विठ्ठल जन्माला आले. ज्या पोरीने स्वतःच्या सासऱ्याच्या 'महादेव' नावावरून नाक मुरडलं होतं, तिने आपल्या पोराचं नाव शंभू ठेवलं आणि म्हणाली, "काकू, किती रूटेड वाटतं ना?" मी हसले. पण खरं सांगायचं तर मला आवडलं होतं. जुन्या नावांत तोंड भरून हाक मारता येते. शेतातून हाक मारली तर घरापर्यंत पोचेल असं नाव असावं, असं माझं मत.

नावं सुधारण्याची खोडही मला जुनीच. पहिली नेमणूक अहेरीच्या पुढच्या एका जंगलगावात होती. तिथल्या गोंड पोरांची नावं जन्मवारावरून, सोमा, मंगरू, बुधा, सुकरू. हेडमास्तरांनी आणि मी मिळून दाखल करताना मंगरूचा मंगेश करून टाकला. आठ दिवसांनी त्याचा बाप चारोळीची पुडी घेऊन आला. शिक्षिकेकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून ती पुडी. त्याने विचारलं, "मॅडम, पोट्ट्याचं नाव तुम्ही काऊन बदलवलं? तुमचं काही बिघडवलं होतं का त्यानं?" मी त्याला समजावून परत पाठवलं. नाव काही मी परत मंगरू केलं नाही.

आमच्या स्वतःच्या घरात नावाची गोष्ट वेगळीच होती. आमचं गाव नागभीडजवळ, धानाचं. माझ्या मोठ्या भावाचं नाव उरकुडा. पुण्याकडच्या माणसांना हे नाव सांगितलं की ते आधी थांबतात, मग हसावं की नाही ते बघतात. आमच्याकडे उकिरड्याला उरकुडा म्हणतात. भावाच्या आधीची तीन मुलं गेली. चौथा झाला तेव्हा सुईणीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून आणून मायला दिलं, उकिरड्यावर सापडलंय, पोसशील का, असं विचारून. ज्या पोराला आईबापांनीच टाकलं, त्याच्यावर मरणाचा डोळा जात नाही. म्हणून नावही तेच. भाऊ जगला. त्याच्या मागून मी झाले. मला काही उकिरड्यावर ठेवलं नाही. मुलीवर कोण डोळा ठेवणार.

त्या तीन मुलांबद्दल घरात कोणी बोलत नसे. बारशाआधीच गेली असतील, असं मी समजत होते.

मायची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. ती श्रावण महिन्याचं नाव घेत नसे. 'पोळ्याचा महिना' म्हणायची. उपास असो, पेरणी-रोवणीचं बोलणं असो, पोळ्याचा महिना. यात आम्हाला काही नवल वाटलं नाही. त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं, सासऱ्याचं, मोठ्या दिराचं नाव तोंडातून काढत नसत. आमच्या शेजारच्या काकूंचा सासरा तुळशीराम, म्हणून त्या जन्मभर तुळशीला 'अंगणातलं झाड' म्हणाल्या. मी शाळकरी असताना मायला चिडवायची, "तुझा कोण लागतो गं श्रावण?" ती काम करत राहायची. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर होतं, ते दुसरं. तेव्हा श्रावण म्हणजे आजोबांचे वडील, मायचे आजेसासरे, हे मी ठरवून टाकलं. कोणाला विचारलं नाही. मला ठाऊक असलेल्या गोष्टी मी कोणाला विचारत नाही, हा माझा आयुष्यभराचा स्वभाव.

भावाचा मुलगा पुण्याला इंजिनियर. शाळेत असताना बापाचं नाव सांगताना खाली बघायचा आणि पुण्यात गेल्यावर नुसतं 'यू' लावायला लागला. त्याची बायको नाशिकची, मोकळी आणि गोड पोरगी. तिला दिवस गेले तसे दोघं नावाच्या मागे लागले. त्यांना जुनं नाव हवं होतं. रोज मला मोबाइलवर याद्या यायच्या. रघुनाथ, वामन, गोपाळ, यशवंत. मी शिक्षिकेसारखी त्यांच्यापुढे शेरे मारायची. वामन नको, पोर बुटकं निघालं तर चिडवतील. यशवंत चांगलं, पण हाक मारताना यशू होणार. मला मजा येत होती, नाकारत कशाला. निवृत्तीनंतर इतक्या निकडीने माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

मग सुनेने लिहिलं, "आत्या, आपल्याच घराण्यातलं एखादं नाव नाही का?"

मी एका क्षणात उत्तर दिलं. श्रावण. माझे पणजोबा, तुझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा. आजी अजूनही मानाने ते नाव तोंडातून काढत नाही. हे शेवटचं वाक्य वाचून सून वेडीच झाली. म्हणाली, याच्याहून सुंदर गोष्ट कोणत्याच नावामागे नसेल. मुलगा झाला. जन्माचा दाखलाही श्रावण नावाने निघाला. बारसं गावी करायचं ठरलं, कारण मायला पुण्यापर्यंतचा प्रवास झेपणारा नव्हता. तोपर्यंत नाव आम्हा तिघांतच ठेवायचं. आजीला सरप्राइज, असं भाच्याचं म्हणणं.

पोर तीन महिन्यांचं झालं तेव्हा आम्ही गावी जमलो. धान कापून झाले होते, शेताच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं कडधान्य उगवून आलं होतं. सकाळी अंगणात फ्लेक्स लागला. पोराचा हसरा फोटो आणि खाली हातभर अक्षरांत श्रावण. माय त्याच्याच खाली ओसरीवर हरभऱ्याच्या घुगऱ्यांसाठी कांदा सोलत बसली होती. मायला वाचता येत नाही. तिने एकदा मान वर करून फोटो बघितला आणि म्हणाली, "बराबर बापासारखा हाये."

भाऊ बैलांना वैरण टाकून गोठ्यातून आला. फ्लेक्सपुढे थांबला. मग त्याने मला गोठ्यामागे बोलावलं.

"बाई, हे नाव कोनं काहाडलं?"

"मी. आपल्या पणजोबांचं नाव ना."

"पणजोबाचं नाव कोनाले मालूम हाये?" तो म्हणाला. "हे आपल्या मोठ्या भावाचं नाव हाये. पह्यल्या पोराचं. अडीच वर्साचा होऊन गेला थो. अंगावर माता आली होती."

गोवर. त्याने मग सगळं सांगितलं. पहिला तो श्रावण, चालताबोलता. त्याच्या मागची दोन नाव ठेवण्याआधीच गेली. भावाला उकिरड्यावरून उचलून आणलं तेव्हा सुईणीने मायला बजावलं, पहिल्याचं नाव या घरात कोणी घ्यायचं नाही. घेतलं तर तो या भावाला सोबत न्यायला येईल. मायने घेतलं नाही. भावाला मुलगा झाला तेव्हा बाबांनी त्याला शेतात नेऊन सांगितलं होतं, हे एक नाव सोडून काय ठेवायचं ते ठेव.

"मला काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं. माझ्याही तोंडात काऊनच आलं.

"तू सासरी गेली होती. ह्या घरचं नाव तू ठेवशीन असं कोनाले वाटलं होतं."

तो पुढे म्हणाला, "बदलवता येत नाई का?"

येत होतं. दाखला बदलता येतो, मीच शाळेत शंभर जणांचे बदलून दिलेत. फ्लेक्स उतरवता येतो. पण त्यासाठी मला सुनेपुढे जाऊन सांगावं लागलं असतं, की मानाची ती सुंदर गोष्ट मी मनाने रचली होती. मी भावाला म्हटलं, आता पाहुणे येऊन राह्यले, कागद झाले, मायला एवढ्या वर्षांनी काय आठवणार. हे मी म्हणाले. ऐकणारा भाऊ होता म्हणून चाललं. तो जन्मभर दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावाखाली गुपचूप जगलेला माणूस, तो गुपचूप बैलांकडे गेला.

भावाला मुलगी नाही. त्यामुळे पोराच्या आत्याचा मान माझ्याकडे होता. पाळण्याशी वाकून पोराच्या कानात नाव सांगायचं आणि मागच्या बायकांनी पाठीत धपाटे घालायचे. मी इतक्या हळू सांगितलं की मलाच ऐकू आलं नाही. बायका हसल्या, धपाटे जोरात पडले. मी मनात म्हणत होते, इथेच संपू दे. पण भाच्याने साउंडवाल्याकडून माइक घेतला. त्याने आपल्या घराण्याबद्दल, मातीबद्दल चार शब्द बोलून मोठ्याने नाव सांगितलं. दोन वेळा सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माय खुर्चीवर बसली होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. शेजारणीला विचारलं, "कोनं ठेवलं?" शेजारीण कौतुकाने म्हणाली, "तुमच्या पोरीनं, आजी." मायने माझ्याकडे बघितलं. राग असता तर मी सोसला असता. ती घाबरली होती. साठ वर्षांच्या माझ्या आयुष्यात मी तिला साप बघूनही घाबरताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. माय मागच्या अंगणात लाखोळीची भाजी खुडत बसली होती. मी जाऊन शेजारी बसले. माफी मागायची होती, पण तोंडातून वेगळंच निघालं.

"माय, कसा होता गं तो?"

तिने हातातले शेंडे सुपात टाकले. मग म्हणाली, "हे मले आजवरी कोनी इचारलं नाई."

आणि तिने सांगितलं. नाव न घेता, 'थो' म्हणून. थो बाबांच्या खांद्यावर बसून बांधीवर जायचा. त्याला मोहफुलं इतकी आवडायची की चघळून तोंडाभोवती चिकट व्हायचं आणि माशा बसायच्या. कोंबडीला आजी म्हणायचा. का ते कोणाला कळलं नाही. ताप चढला तेव्हा पाणी मागत होता आणि मोठ्या बायका म्हणत होत्या, माता अंगात असताना पाणी द्यायचं नाही. मायचं वय तेव्हा सतरा असेल. तिने दिलं नाही. हे सांगताना तिचा हात थांबला, आवाज मात्र बदलला नाही. सासूने त्या दिवसानंतर त्याचं नाव काढू दिलं नाही, मग सुईणीने कायमचंच बंद केलं. एवढी वर्षं मी जिला मान समजत होते, ती बंदी होती. आणि ती पाळून आपण उरकुड्याला जगवलं, असा मायचा पक्का विश्वास होता.

"माय, नावाने काही होत नसतं," मी म्हटलं. चौतीस वर्षांच्या नोकरीतला सगळा आवाज लावून म्हटलं.

"नसन होत," ती म्हणाली. "पन आता अडीच वर्सं काढा लागन."

मला वाटलं, बोलून गेली, विसरेल. ती विसरली नाही. भाचा पुण्याला गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी सातला भावाच्या मोबाइलवरून तिने त्याला फोन लावायला लावला. एकच प्रश्न, "लेकरू हाये ना?" भाच्याने सांगितलं, आहे, झोपलाय. फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात वाजता. मग रोज. सुनेला ते फार गोड वाटायचं. पणजीचं इतकं प्रेम, म्हणायची. ती पोराला मोबाइलपुढे धरायची, पोर खिदळायचं. माय त्याचे हात, पाय, डोळे बघायची, अंगावर पुरळ आहे का ते बघायची, आणि नुसती मान हलवायची. पोराला कधी सर्दी झाली तर त्या दिवशी ती जेवत नसे. डॉक्टरने गोवराची लस दिल्याचं मी मुद्दाम गावी जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन गेलाच.

मी भावाला म्हटलं, भाच्याला खरं सांगून नाव बदलून टाकू. तो मायशी बोलला. माय म्हणाली, आता बदलवून काय होते, एकडाव हाक मारली ना. पोरांना सांगू नका, ते हसतात तसेच हसू द्या. म्हणून सांगितलं नाही. माझ्या मोठेपणाचं ओझं अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीने उचललं. मी आठवड्याच्या आठवड्याला चंद्रपूरहून एसटीने गावी जायची आणि तिच्या शेजारी बसायची, दुसरं काय करणार होते. ती महिने बोटांवर मोजायची. चौदा झाले. एकोणीस झाले.

गेल्या दिवाळीनंतर ती खाटेला लागली. दुखणं असं काही नव्हतं, वय होतं. शेवटचे आठ दिवस तिची शुद्ध जात-येत होती. शुद्धीत आली की सकाळ झाली असं समजून विचारायची, "हाये ना?" आम्ही म्हणायचो, हाये, माय. शेवटच्या दिवशी दुपारी तिने असंच विचारलं. मी हाये म्हटलं. तिने विश्वास ठेवला की नाही मला माहीत नाही. ते नाव तिने अखेरपर्यंत घेतलं नाही. पोर त्या दिवशी दोन वर्षं आणि दोन महिन्यांचं होतं. तिला चार महिने कमी पडले.

लोक म्हणतात, नातवंड-पतवंड बघून गेली, सोनं झालं. मी हो म्हणते. तिच्या शेवटच्या दोन वर्षांची प्रत्येक सकाळ मी भीतीची केली, हे मी कोणाला सांगत नाही. एक छान जुनं नाव सुचवायच्या हौसेपायी केली. नाव तर खरंच छान आहे. सुनेच्या मैत्रिणी विचारतात, इतकं सुंदर नाव कुठून सापडलं, आणि ती सांगते, आमच्या आत्यांनी दिलंय. मागच्या महिन्यात तिची एक मैत्रीण थेट माझ्याशीच बोलली. तिला आठवा महिना, तिलाही असंच एखादं जुनं नाव हवं होतं. मी तिला म्हटलं, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचार, ती कोणतं नाव घेत नाही ते. आणि का घेत नाही, तेही विचार. ती म्हणाली, घरात तसं कोणी नाही आता. मग मी तिला सांगितलं, की मी नावं सुचवणं सोडलंय. ती जरा नाराज झाली.

परवा पोर अडीच वर्षांचं झालं. माझ्या लक्षात होतं, पण मी कोणाला फोन केला नव्हता. सकाळी सातला माझाच फोन वाजला. भाऊ होता.

"आज झाले अडीच," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

मागे बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. मग म्हणाला, "पोट्टा बरा हाये. मी आताच इचारलं पुण्याले. सांगाले माय नाई, म्हून तुले लावला."